चाल सुचण्याआधी



स्कॉटलंडचे बुद्धिबळ ग्रँडमास्टर जोनाथन राउसन २००४ पासून सलग तीन वर्षं ब्रिटिश विजेते होते. पुढे ते अभ्यासाकडे वळले. ब्रिस्टल विद्यापीठात त्यांनी पीएच.डी. केली ती ‘शहाणपण’ या विषयावर.

त्यांच्या लेखनाचं बीज मात्र पटावरच रुजलं होतं. २००० साली आलेल्या ‘द सेव्हन डेडली चेस सिन्स’ या पुस्तकात त्यांनी खेळाडूची सात पापं सांगितली आणि पहिलं पाप ठरवलं विचार करणं! डोळ्यांना दिसलेली चाल सोडून आपण मनातल्या युक्तिवादावर विसंबतो, म्हणून. हव्यास, अहंकार, परिपूर्णतेचा सोस हीही त्या यादीत आहेत. ‘चेस फॉर झीब्राज’मध्ये तर त्यांनी प्रौढ खेळाडूंचं दुखणं नेमकं पकडलं: माहिती वाढत जाते, सवयी तशाच राहतात. २०१९ च्या ‘द मूव्ह्ज दॅट मॅटर’मध्ये पटावरच्या घरांइतकीच, ६४ छोटी प्रकरणं आहेत, त्यांत खेळाइतकंच आयुष्यही आहे.

आपण मात्र मुलांना बुद्धिबळाच्या वर्गाला घालतो आणि रेटिंग किती वाढलं ते विचारतो. हरल्यावर स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहायला ती शिकली का, हे विचारायला हवं. खेळाचं खरं देणं तेच आहे.

– संपादक