विश्लेषण : वडगावचा भोंगा रसायनीत चालेल का? लहान मुलांचा मोबाइल आणि पालकांपुढचा पेच

सांगली जिल्ह्यातील एका गावाने रोज संध्याकाळी दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून देशभर लक्ष वेधले. मात्र घरातला कर्ता माणूस रात्रपाळी करून दिवसा झोपतो, अशा रसायनीसारख्या औद्योगिक गावात घड्याळाचा नियम लागू पडेल का? पाच वर्षांखालील मुलांच्या पालकांना घरात नेमके काय करता येईल?

वडगावात काय झाले?

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की टीव्ही-मोबाइल बंद आणि मुले अभ्यासाला. साडेआठला पुन्हा भोंगा. करोनाकाळात ऑनलाइन शाळेसाठी हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटत नव्हता. सुरुवातीला अंगणवाडी सेविका आणि ग्रामपंचायत कर्मचारी घरोघरी फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बान्शीच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. दोन्हींत मोठा फरक आहे. बान्शीचा नियम मुलांपुरता होता, वडगावात आईवडिलांची मालिकाही बंद झाली. भोंग्याची चर्चा जास्त झाली, पण खरी गोष्ट ही होती.

रसायनीत अडचण कुठे?

१९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सभोवती रसायनी-मोहोपाडा वाढले. २०१७ मध्ये केंद्राने या कंपनीचा इथला कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला, पण पाताळगंगा एमआयडीसीतले कारखाने आणि त्यांच्या पाळ्या सुरू आहेत. पाळी बदलली की घराचे वेळापत्रक बदलते. रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी झोपतो, खोल्या दोनच, आणि तीन वर्षांच्या मुलाला गप्प ठेवायचे असते. अशा वेळी आईने फोन हातात दिला तर त्याला लाड म्हणता येणार नाही. ती त्या घराची गरज असते. पालकांना दोष देणारी भाषणे इथेच फसतात. शिवाय वडगावचा उपाय अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी होता. अंगणवाडीच्या वयाच्या मुलाला सातचा भोंगा काय कळणार?

मर्यादा किती असावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या एप्रिल २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखाली स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षे वयात दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसही जवळपास अशीच आहे : दोन वर्षांखाली काहीच नाही, अपवाद फक्त नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडीओ कॉलचा.

या अपवादामागे कारण आहे. २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळांनी त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकले. तेच बोलणे व्हिडीओवर ऐकलेली बाळे मात्र काहीच शिकली नाहीत. व्हिडीओ कॉलवरची आजी मुलाच्या हुंकाराला उत्तर देते, गाण्याचा व्हिडीओ देत नाही. ‘व्हिडीओ बघून बोलायला शिकेल’ ही समजूत त्यामुळे फारशी टिकत नाही.

मग घरात काय करता येईल?

ठरावीक वेळेपेक्षा ठरावीक प्रसंग सोपे. पाळी कुठलीही असो, जेवण आणि झोप रोज असतेच. या दोन वेळी फोन नाही, एवढाच नियम पहिला महिना पुरे. फोन दाखवत भरवलेल्या मुलाचे पोट भरल्याकडे लक्ष राहत नाही. सवय मोडताना दोन-चार दिवस ते कमी जेवेल, रडेल, आणि नेमक्या त्याच वेळी आजी-आजोबा विरघळतात. म्हणून नियम आधी मोठ्यांत ठरवावा.

बाप झोपलेला असताना फोन द्यावाच लागला, तर काय लावायचे ते आधी निवडावे. एक गोष्ट ‘डाउनलोड’ करून इंटरनेट बंद करावे आणि ‘ऑटोप्ले’ही बंद ठेवावे. व्हिडीओ संपला की खरोखर संपतो, पुढचा आपोआप सुरू होत नाही. ‘यूट्यूब किड्स’मध्ये पालकांनी निवडलेलेच व्हिडीओ दिसतील अशी सोय आहे, तिथला टायमर वेळ संपल्यावर ॲप बंद करतो. सगळ्यात उपयोगाचे म्हणजे जमेल तेव्हा शेजारी बसणे आणि ‘हा कोण? कुठे चालला?’ असे विचारत राहणे.

फोनचा दुसराही उपयोग आहे. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरील मराठी गोष्टी मोफत मिळतात. फोन मुलाच्या नव्हे, वाचून दाखवणाऱ्याच्या हातात राहतो.

कायदा मदतीला येईल?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यासही मनाई आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांची समाजमाध्यम खाती बंद केली. हे दोन्ही कायदे खात्यावर आणि वयाच्या नोंदीवर चालतात. मोहोपाड्यातले दोन वर्षांचे मूल मात्र आईच्या फोनवर, आईच्या खात्यातून व्हिडीओ बघते. कंपनीच्या लेखी तो प्रेक्षक प्रौढच असतो.