मर्यादा खात्यावर नको, प्रकल्पावर हवी
सामायिक नॅसवरील जागावाटपाबाबत संघटनेचे मागणीपत्र

प्रति,
मा. संचालक यांस,

महोदय,

दफ्तरखान्याच्या नॅसवर प्रत्येक खात्याला सरसकट १०० जीबीची मर्यादा घालणारा आदेश निघाल्यापासून स्कॅनिंग विभागाचे काम अडले आहे. याबाबत संघटनेच्या सभेत ठरलेल्या मागण्या कारणांसह आपल्यापुढे ठेवत आहोत.

मर्यादाच नको, असे आमचे म्हणणे नाही. नॅसमध्ये ८ टीबीच्या चार डिस्क आहेत. रेड-५ च्या रचनेत एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते, उरतात २४ टीबी. आणि मोजणी १०२४ च्या पटीत होत असल्याने पडद्यावर दिसतात जेमतेम २१.८. तेवढ्यात सगळ्या शाखांचे भागवायचे आहे. लगाम नसेल तर एके दिवशी लेखाशाखेची पगारपत्रकेही सेव्ह होणार नाहीत, हे आम्हालाही कळते. १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्येही डिस्क कोट्याची सोय होती. म्हणजे हा तंटा काही आपल्याकडेच उपटलेला नाही.

आता आमचा हिशेब पाहावा. ए-फोर आकाराचा एक मोडी कागद ६०० डीपीआयला, पूर्ण रंगात, कॉम्प्रेस न करता टिफमध्ये साठवला की फाईल सुमारे १०४ एमबीची होते. फडक्यात बांधलेला पाचशे कागदांचा रुमाल सोडून पाठपोट स्कॅन केला की हजार प्रतिमा, म्हणजेच १०४ जीबी. एका रुमालातच अख्खे खाते भरून जाते! आस्थापना शाखेचा वर्षभराचा पत्रव्यवहार मात्र तेवढ्याच जागेच्या एका कोपऱ्यात पडून राहतो. बालवाडीतल्या पोराला आणि तालमीतल्या पैलवानाला मोजून सारख्याच भाकऱ्या वाढण्याचा हा प्रकार आहे.

त्यातही गोम अशी की, सध्याचा कोटा फाईलच्या मालकावर मोजला जातो. ज्याच्या लॉगिनने स्कॅन झाला, फाईल त्याच्या नावावर. रुमाल संस्थेचा, प्रकल्प संस्थेचा, वापरणार अभ्यासक. आणि ‘जागा अडवली’ म्हणून मेमो ऑपरेटरला. म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी: मर्यादा प्रकल्पाच्या फोल्डरवर लावावी आणि ती रुमालांच्या अंदाजित पानसंख्येवरून ठरवावी. व्यक्तिगत खात्यांना खुशाल १०० जीबी ठेवा, आमची हरकत नाही. यासाठी नवी खरेदी लागणार नाही. एक्सएफएसवर अशी प्रकल्पनिहाय मर्यादा फार पूर्वीपासून लावता येते, ईएक्सटी-४ वर २०१६ च्या लिनक्स ४.५ पासून, आपल्या नॅसच्या सेटिंगमध्येही फोल्डरनिहाय कोट्याचा पर्याय आहे. तो बंद ठेवलेला आहे, इतकेच.

दुसरी मागणी इशाऱ्याची. आज थेट हार्ड लिमिट आदळते. आमच्या एका सहकाऱ्याने लिप्यंतराच्या फाईलमध्ये चार ओळी सुधारून सेव्ह केले. त्या प्रोग्रामची रीत अशी की, तो आधी जुनी फाईल रिकामी करतो, मग नवी लिहितो. त्याच खात्यावर स्कॅनर चालू होता. मोकळी झालेली जागा त्याने तेवढ्यात गिळली. फाईलचे नाव जागेवर, आकार शून्य केबी. म्हणून आधी सॉफ्ट लिमिट असावी, ८० टक्क्यांना ईमेल यावा आणि त्यानंतर सवलतीची मुदत मिळावी. लिनक्समध्ये ती मुदत सहसा सात दिवसांची असते. दिवाळीच्या सुट्टीतच ती संपून जाईल. आम्हाला २१ दिवस हवेत.

तिसरी मागणी छोटी आहे. पुसलेली फाईल रिसायकल फोल्डरमध्ये जाते आणि कोट्यातच मोजली जाते. तो फोल्डर रिकामा करण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला. पुसूनही जागा होत नाही ती यामुळे. रिसायकल आणि स्नॅपशॉट यांचा भार कोणाच्याही कोट्यावर टाकू नये.

चौथी मागणी मात्र आम्ही सोडणार नाही. ‘जेपेग ठेवा, टिफ पुसून टाका’ असे तोंडी आदेश येऊ लागले आहेत. फिकट शाईच्या मोडीत अक्षराची कड हाच वाचण्याचा आधार, आणि जेपेगचे दडपण नेमके त्या कडेवर येते. पुन्हा स्कॅन करू म्हणणे सोपे आहे. दर वेळी घडी उलगडताना जीर्ण कागद चिरतो, तो पुन्हा कोण सांधणार? रेड आहे म्हणून प्रत सुरक्षित, हाही गैरसमज आहे: रेड एक डिस्क बिघडली तर सावरते, चुकून पुसलेली फाईल मात्र परत आणत नाही. मूळ टिफ पुसण्यापूर्वी दुसऱ्या ठिकाणची प्रत चेकसम जुळवून तपासलेली असावी आणि आदेश लेखी असावा. जागा वाचवायला आमचीही तयारी आहे. एलझेडडब्ल्यू पद्धतीने टिफ दाबला तर एकही पिक्सेल न गमावता फाईल लहान होते. तसे करायला आणि दुबार कार्यप्रती काढून टाकायला विभाग राजी आहे.

कोटा ठरवणाऱ्या समितीत स्कॅनिंग विभागाचा एक प्रतिनिधी असावा, हे वेगळे सांगायला नको.

या मागण्यांवर १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. तोवर सोडलेले रुमाल आम्ही पूर्ण करू. नवा रुमाल मात्र सोडणार नाही. जागेअभावी अर्धवट स्कॅन होऊन कागद टेबलावर उघडे पडले, तर त्याची जबाबदारी ऑपरेटरवर येते.

आपले,
अध्यक्ष आणि सचिव
(सभेच्या ठरावानुसार)