कळा आल्या की आडवंच व्हायचं?



परवा माझ्या भाचीचं डोहाळजेवण झालं. ओटी भरली, बर्फी की पेढा ओळखून झालं, दिवस मावळायच्या आत पंगतीही उठल्या. मग आतल्या खोलीत आम्हा बायकांच्या सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. डिंकाचे लाडू कधी करायचे, सोयर किती दिवस पाळायचं, मंदिरात कधीपासून जायचं. भाचीनं मध्येच हळूच विचारलं, "मावशी, कळा आल्या की मी नेमकं करायचं काय?"

सगळ्या गप्प. मग एक काकू म्हणाल्या, "करायचं काय त्यात? पडून राहायचं. डॉक्टर सांगतील ते ऐकायचं."

माझं पहिलं बाळंतपण असंच पडून झालं. सकाळपासून हाताला सलाईन आणि मी उताणी. कंबर फुटायची वेळ आली होती. सारखं वाटायचं, उठावं, खिडकीच्या गजाला धरून ओणवं व्हावं. उठायला गेले की सिस्टर ओरडायच्या. शेवटी एकीनं वरून पोट दाबलं. टाके एवढे पडले की महिनाभर धड मांडी घालता आली नाही. आणि इतकी वर्षं मी समजत होते, मीच कमी पडले.

दुसऱ्या वेळी डॉक्टर वेगळ्या होत्या. तपासून म्हणाल्या, सगळं ठीक आहे, तुम्हाला बरं वाटेल तशा राहा. मी जाऊबाईंच्या गळ्यात हात टाकून उभ्यानं झुलत राहिले, मनात णमोकार चालू. थकले की खुर्चीवर उलटी बसायचे, पाठीकडच्या बाजूवर डोकं टेकून. बाळ आलं तेव्हा मी कुशीवर होते, वरचा पाय जाऊबाईंनी धरलेला. कळा कमी होत्या का? नाही हो, खोटं कशाला सांगू. पण मला कुणी दाबून धरलं नव्हतं.

उताणं पडलं की भरल्या गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या शिरेवर येतो. आईला गरगरतं, बाळाकडे जाणारं रक्तही कमी होऊ शकतं. माकडहाड गादीवर दाबलं जातं, त्याला मागे सरकायला जागा राहत नाही. उकिडवं बसलं, ओणवं झालं, रांगत्या बाळासारखं हातागुडघ्यांवर आलं की ती जागा मिळते. म्हणजे मला खिडकीकडे जावंसं वाटत होतं, तो काही हट्ट नव्हता.

हे माझ्या मनाचं नाही. २०१३ मध्ये कोक्रेन या संस्थेनं २५ चाचण्या, म्हणजे ५,२१८ बायकांची बाळंतपणं, एकत्र तपासली. ज्या चालत-फिरत, उभ्या किंवा बसून होत्या, त्यांचा कळांचा पहिला टप्पा सरासरी १ तास २२ मिनिटांनी लवकर संपला. कळा सोसताना १ तास २२ मिनिटं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको! जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ मध्ये सांगितलं आहे की बाईला हवी त्या स्थितीत बाळंत होऊ द्यावं, आतून जोर येईल तेव्हा तिनं जोर लावावा, आणि वरून पोट दाबू नये.

काहींना उकिडवं बसणं गावंढळ वाटतं. श्वेतांबर आगमांत महावीरस्वामींना केवलज्ञान झालं ते गोदोहासनात, गाय दुहायला बसतात तशा उकिडव्या बैठकीत. बाळंतपणाशी त्याचा संबंध जोडत नाहीये मी, पण त्या बैठकीत कमीपणा कसला?

आता दुसऱ्या टोकाच्या मैत्रिणींना. "आपल्या आज्या घरीच बाळंत व्हायच्या, शरीराला सगळं कळतं" असे मेसेज फिरतात, ते मला मुळीच पटत नाहीत. त्या आज्यांपैकी कितीतरी परत उठल्या नाहीत, हे मेसेजमध्ये नसतं. उभ्या-बसत्या स्थितीत बाळ आलं तर रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो, म्हणून जवळ जाणतं माणूस आणि दवाखाना हवाच. माझ्या नणंदेचं सिझर झालं, बाळाचे ठोके उतरले म्हणून. तिला "तू शरीरावर विश्वास ठेवला नाहीस" असं सुनावणाऱ्या बाईंशी मी अजून नीट बोलत नाही.

आणि हे विचारायचं ते लेबर रूममध्ये नाही. तिथे कोणाला सुचणार? सातव्या महिन्यातच विचारा: कळांत मला चालू द्याल का? सोबत घरची बाई चालेल का? सरकारी दवाखान्यांत तर २०१६ पासून सोबतीणीला केंद्र सरकारची परवानगी आहे. शेवटी कुशीवर किंवा बसून चालेल का? कमरेत इंजेक्शन घेतलं तर चालता येत नाही बहुतेक वेळा, पण कूस बदलता येते, तेही विचारून ठेवा.

भाचीची तपासणी येत्या शनिवारी आहे. प्रश्नांची चिठ्ठी मीच लिहून दिली आहे. ताई म्हणते, डॉक्टर रागावतील. रागावल्या तर अजून दोन महिने आहेत, दुसरा दवाखाना बघू.