बांध राखणारे नागरिक

लोकशाहीचे रक्षण कोण करतो, असा प्रश्न केला तर संसद, न्यायालये आणि निवडणूक आयोग हीच नावे बहुतेकांच्या तोंडी येतील. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. दारावर थाप मारणारा कोणी नसेल तर या संस्था आपण होऊन क्वचितच जाग्या होतात. गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव हेच सांगतो.

सासवडचे सुपुत्र व मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी जयप्रकाश नारायण यांच्यासमवेत १९७४ साली 'सिटिझन्स फॉर डेमोक्रसी' ही संघटना उभी केली. पुढे आणीबाणी आली आणि त्या अंधारातच, १९७६ साली, आज 'पीयूसीएल' या नावाने ओळखली जाणारी नागरी स्वातंत्र्याची संघटना जन्मास आली. ही माणसे सत्तेच्या मागे लागलेली नव्हती. म्हणूनच सत्तेला त्यांची अडचण वाटत असे.

हाच वारसा १९९९ साली अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांनी पुढे चालविला. त्यांचे मागणे साधे होते. मते मागायला येणाऱ्या उमेदवारावर फौजदारी खटले आहेत काय, त्याची मालमत्ता किती, शिक्षण काय, हे मतदाराला कळले पाहिजे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००० साली ते मान्य केले आणि २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा जे घडले ते विसरण्यासारखे नाही. एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे पक्ष या एका प्रश्नावर एकत्र आले. आधी वटहुकूम निघाला, मग कायद्यात दुरुस्ती झाली. नागरिकांनी पुन्हा न्यायालयाची पायरी चढली आणि १३ मार्च २००३ रोजी ती दुरुस्तीही रद्द झाली. या लढ्यातील एक अग्रणी प्रा. जगदीप छोकर सप्टेंबर २०२५ मध्ये निवर्तले. आज प्रत्येक उमेदवार जे प्रतिज्ञापत्र सादर करतो, ते अशा माणसांच्या चिकाटीचे फळ आहे.

निवडणूक रोख्यांची कथा निराळी नाही. २०१८ साली सुरू झालेल्या या योजनेत देणगीदाराचे नाव मतदारापासून लपविण्याची सोय होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती एकमताने घटनाबाह्य ठरविली. स्टेट बँकेने मागितलेली मुदतवाढही नाकारली गेली आणि नावे उघड झाली. सर्वांत मोठा वाटा केंद्रातील सत्ताधारी पक्षाचा निघाला. परंतु राज्याराज्यांत सत्तेवर असलेल्या विरोधी पक्षांनीही हात आखडता घेतला नव्हता. तथापि निकालास सहा वर्षे लागली. तोवर सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते आणि २०१९ ची लोकसभा निवडणूकही होऊन गेली होती. उशिरा मिळालेला न्याय झालेली निवडणूक परत आणीत नाही.

यात वृत्तपत्रसृष्टीने स्वतःकडेही पाहणे अगत्याचे आहे. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन जाहिराती बातम्या म्हणून छापल्या गेल्या. ते प्रकरण पी. साईनाथ यांनी चव्हाट्यावर आणले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने सविस्तर अहवाल तयार केला. पण तो कौन्सिलनेच दडवून ठेवला. माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ साली तो लोकांपुढे आला. वृत्तपत्रावर कुऱ्हाड नेहमी सरकारच घालते असे नव्हे. कधी कधी दांडा घरातलाच असतो.

गोमंतकीयांस तर हा प्रश्न अधिक जवळचा आहे. सालाझारशाहीत येथील छापील अक्षरावर सेन्सॉरची कात्री होती. मुक्तीनंतर डिसेंबर १९६३ मध्ये येथील जनतेने आपली पहिली विधानसभा निवडली. त्याच भूमीत जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी मंदिर, चर्च व दर्गा येथे पक्षनिष्ठेच्या शपथा घेतल्या आणि सप्टेंबरात त्यांच्यापैकी निवडून आलेल्या अकरांतून आठजण सत्ताधारी पक्षात दाखल झाले. त्याआधी २०१९ साली पंधरांतून दहाजण गेलेच होते. प्रतिज्ञापत्रात सोनेनाणे नोंदविता येते. निष्ठा नोंदविण्याचा रकाना त्यात नाही. तो रकाना मतदारालाच आपल्या स्मरणात ठेवावा लागतो.

म्हणूनच आमचे सांगणे स्पष्ट आहे. प्रतिज्ञापत्र निवडणूक अधिकाऱ्याच्या फलकावर लागते. ते वाचण्याचे काम मात्र कायदा करू शकत नाही. पंचायतीच्या ओट्यावर, वाचनालयात, महिला मंडळात ते मोठ्याने वाचले जावे. दारी आलेल्या उमेदवाराला त्यावरून प्रश्न विचारले जावेत. आणि वृत्तपत्रांनी ते एक पैसाही न घेता छापावे.

आपल्या खाजन शेतीचा बांध एकदा घालून कधी भागत नाही. भोक लहान असतानाच गावाने धावून जाऊन ते बुजवावे लागते. नाहीतर खारे पाणी आत शिरते आणि पुढची कित्येक पिके बुडतात. काही थोड्या नागरिकांनी आपल्यासाठी हा बांध घातला आहे. तो राखण्याची पाळी आता गावाची आहे.