दशांशानंतरचे तीन आकडे

बहरीनमध्ये मूल एकटीने वाढवणाऱ्या आईची हिशेबाची वही दशांशचिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत जाते, कारण दिनारचे फिल्स हजार. इकडे नातेवाईक मात्र एका दिनारचे दोनशेच्या वर रुपये करून तिला परस्पर श्रीमंत ठरवतात. भाडं, शाळेची फी, बस यांना हात लावता येत नाही, ओढाताण होते किराण्यात आणि विजेत. २०२२ पासून व्हॅट १० टक्के आहे, पण भाजी, दूध, अंडी, तांदूळ त्यातून सुटतात. त्यामुळे पोराने हळूच टाकलेली चिप्सची पाकिटं काउंटरवर परत जातात. परदेशी कुटुंबांची वीजसवलत २०१६ पासून टप्प्याटप्प्याने काढली गेली; जुलैत अभ्यास, जेवण, झोप सगळं एसीच्या एकाच खोलीत. अशा घराला ‘काटकसर करा’ सांगणं मला उद्धटपणाच वाटतो. खरी गोची वेगळीच: रात्रपाळी लागली की मुलाला सांभाळणारीचे पैसे कुठून काढायचे?