भावाच्या पेन्शनीवर शेती किती दिवस?



बैठकीनंतर झाडाखाली बसलेल्या कोणत्याही चार शेतकऱ्यांना विचारा. एकाच्या तरी घरी कुणी मास्तर, तलाठी किंवा एस.टी.त कंडक्टर असतोच. मग हळूच निघते ते वाक्य : "दादा रिटायर झाले की सोसायटी भरून टाकू." विहिरीचे खोदकाम, पोरीचे लग्न, पाइपलाइन, सारे दादांच्या रिटायरमेंटपर्यंत थांबलेले. दादांना किती मिळणार, हे मात्र कुणी कागदावर मांडलेले नसते. कुणी म्हणतो चाळीस लाख, कुणी म्हणतो पन्नास. त्या ऐकीव आकड्यावर सावकाराकडून उचल घेतली जाते आणि दादांच्या निरोपसमारंभानंतर भावाभावांत अबोला धरला जातो.

म्हणून आज आम्ही पेन्शनीचा हिशोब मांडतो आहोत. तो अवघड नाही. उसाच्या बिलातल्या कपाती ज्याला समजतात, त्याला हाही समजेल.

पहिला प्रश्न एकच : नोकरी कधी लागली आणि कुठे लागली? महाराष्ट्र शासनाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. तिचे गणित शेवटच्या मूळ पगारावर होते. पूर्ण पेन्शनीला लागणारी सेवा झाली असेल तर मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. समजा, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या मास्तरांचा मूळ पगार 80,000 रुपये आहे. पेन्शन झाली 40,000 आणि वर महागाई भत्ता.

आता ती मोठी रक्कम, जिच्याकडे सगळ्या घराचे डोळे लागलेले असतात. तिचा एक भाग म्हणजे पेन्शनीची विक्री. सरकारी भाषेत अंशराशीकरण. पेन्शनीचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग विकता येतो. 40,000 चे 40 टक्के म्हणजे 16,000. त्याला बाराने गुणा, झाले 1,92,000. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला पुढच्या वाढदिवसाच्या वयाचा, म्हणजे 59 चा, गुणक लागतो : 8.371. गुणाकार येतो 16,07,232 रुपये.

ही बक्षिशी नव्हे. त्या बदल्यात दरमहा 16,000 रुपये पंधरा वर्षे कापले जातात. बेरीज करा : 28,80,000. हाती महिन्याला उरतात 24,000 आणि महागाई भत्ता. तो भत्ता मात्र मूळच्या 40,000 वरच मिळतो. मधेच माणूस गेला तर उरलेली कपात वारसांकडून वसूल होत नाही, हेही खरे. पण सोळा लाख उचलून धाकट्याच्या कर्जात घालायचे असतील, तर दादा-वहिनींच्या पंधरा वर्षांच्या भाकरीतले ते सोळा लाख आहेत, हे घरात आधी मोठ्याने बोलले गेले पाहिजे. आणि दादांच्या मागे वहिनींना जे कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, त्याचा नेहमीचा दर शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के आहे. म्हणजे आपल्या उदाहरणात 24,000 आणि भत्ता.

दुसरा भाग उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा. सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीला मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांचा चौथा हिस्सा. तीस वर्षांच्या साठ सहामाह्या, म्हणजे पंधरा पगार. साडेसोळा पगारांच्या वर ते जात नाही आणि रकमेलाही सरकारने कमाल मर्यादा घातली आहे. सरकारी येणे बाकी असेल किंवा पूर्वी चुकीच्या वेतननिश्चितीने जादा पगार गेला असेल, तर वसुलीचा फटका येथेच बसतो. पगारदार पतसंस्थेचे कर्ज वेगळेच. म्हणून सेवापुस्तकाची प्रत निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधी तपासून घ्यावी. पडताळणी न झालेले एखादे वर्षही पेन्शनीचा कागद कित्येक महिने अडवून धरते.

2005 नंतर लागलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या पगारातून 10 टक्के कापले जातात, सरकार 14 टक्के घालते आणि पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेपैकी किमान 40 टक्क्यांची वर्षासने घ्यावी लागतात. समजा, 60 लाख जमले. 24 लाखांच्या वर्षासनावर सहा टक्के दर मिळाला तर महिन्याला 12,000 हाती येतील, आणि त्यावर महागाई भत्ता नाही. यासाठीच मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले होते. त्यानंतर केंद्राने 1 एप्रिल 2025 पासून एकीकृत पेन्शन योजना आणली. तीत पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आहे. राज्यानेही त्याच वाटेने जायचे ठरवले. आपल्या घरातला माणूस कोणत्या योजनेत आहे आणि त्याने कोणता पर्याय लिहून दिला आहे, हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे.

एस.टी.तल्या भावाचे गणित तर ऐकवत नाही. तो 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत येतो. पगार कितीही असो, हिशोबाला 31 ऑगस्ट 2014 पर्यंतच्या सेवेसाठी जास्तीत जास्त 6,500 आणि त्यानंतर 15,000 धरतात. सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागतात. आधीची एकोणीस आणि नंतरची अकरा वर्षे धरली तर 4,121 रुपये येतात. दोन वर्षांची भर धरूनही साडेचार हजारांच्या आसपासच. तीस वर्षे खड्ड्यातून गाडी हाकलेल्या माणसाला काय म्हणून सरकारी जावई म्हणायचे?

नोकरदारांना शिव्या घालणे हा आमचा धंदा नाही. त्यांनी घाम गाळला, संघटना केली, हिशोब मागितला, मिळवला. प्रश्न आमच्या हिशोबाचा आहे.

शेतकऱ्याच्या पेन्शनीचा अंदाज काढायला गुणाकारही लागत नाही. 2019 साली किसान मानधन योजना आली. अल्पभूधारकाने अठरा ते चाळीस वयात नाव घालायचे, वयाप्रमाणे महिन्याला 55 ते 200 रुपये भरायचे, साठीनंतर महिन्याला 3,000 रुपये. तेवढेच सरकारही भरते, हे मान्य. पण त्या तीन हजारांना महागाई भत्ता नाही. आज अठरा वर्षांच्या पोराने नाव घातले तर त्याला पैसा बेचाळीस वर्षांनी मिळेल. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर त्या तीन हजारांची किंमत आजच्या पावणेतीनशे रुपयांइतकीही राहणार नाही. तेवढ्यात म्हाताऱ्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या तरी येतील का?

आणि खरी गोम पुढेच आहे. नोकरदाराचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. डाळ, तेल, कांदा महागले की निर्देशांक चढतो, भत्ता वाढतो. आमचा कांदा महागला की काय होते? ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसले. डिसेंबर 2023 मध्ये निर्यातबंदी आली, ती मे 2024 मध्ये उठली, शुल्क मात्र पूर्णपणे जायला 1 एप्रिल 2025 उजाडला. एकाच महागाईला एका घरातल्या दोन भावांनी तोंड दिले. एकाला भरपाई मिळाली, दुसऱ्याचे भाव पाडले गेले. मग ज्याचे भाव पडले तो उलटी पट्टी खिशात घालून पहिल्याच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, दादा, तेवढी सोसायटी भरता का?

म्हणजे मास्तरांच्या पेन्शनीतून शेती चालते. देशाला स्वस्त कांदा खाऊ घालण्याची सबसिडी सरकार देत नाही, आमच्या घरातला म्हातारा मास्तर देतो, आपली पेन्शन विकून! आजवर हा आकडा कोणत्याही अंदाजपत्रकात छापलेला नाही.

म्हणून आमचे सांगणे दोन गोष्टींचे. पहिली, ज्यांच्या घरात येत्या दोन-चार वर्षांत कुणी निवृत्त होणार आहे, त्यांनी त्या माणसाला शेजारी बसवून वरचा हिशोब कागदावर मांडावा. त्यातून आधी दोघा नवरा-बायकोच्या औषधपाण्याची तरतूद करावी आणि उरले तरच शेतीचे नाव काढावे. ऐकीव आकड्यावर उचल घेऊ नये. दुसरी, पुढच्या बैठकीला येताना गेल्या तीन हंगामांच्या पट्ट्या आणि घरच्या नोकरदाराने शेतीत घातलेल्या पैशाचा आकडा लिहून आणावा. गावागावांतली बेरीज झाली की सरकारपुढे ठेवू.

आम्हाला तीन हजारांचे मानधन वाढवून नको आहे. शेतमालाचे भाव पाडणे थांबले, तर शेतकरी आपले म्हातारपण आपणच सांभाळील. आणि दादांची पेन्शन दादांपाशीच राहील.