स्लॉट मशीनवर भाव लिहा

आमच्या भिशीतल्या बायका अधूनमधून सावंतवाडीहून पणजीला जातात, मीही जाते. मंगेशीचं दर्शन, दुपारी माशांचं जेवण आणि संध्याकाळी कॅसिनोत स्लॉट मशीन. यात लाज वाटण्यासारखं मला काही दिसत नाही. नाटकाला आपण पैसे मोजतो, तसे इथेही ठरवून मोजतो. पाकिटात ठरलेली रक्कम असते, एटीएम कार्ड लॉजवर ठेवलेलं असतं आणि रक्कम संपली की उठायचं असतं. पण नाटकाच्या तिकिटावर भाव छापलेला असतो. मी बसले त्या एकाही मशीनच्या दर्शनी भागावर मला भाव दिसला नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

माझी नोकरी एका सहकारी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय मला राहवत नाही. समजा, एका डावाला १० रुपये. मिनिटाला १० डाव सहज होतात, म्हणजे तासाला ६,००० रुपये लागतात. मशीन सरासरीने शंभरातले ९० परत देणारं असेल, तर तासाचा खर्च ६०० रुपये. ८० देणारं असेल, तर १,२००. शेजारी ठेवलेल्या, दिसायला सारख्याच दोन मशीनांपैकी एकावरची संध्याकाळ दुसरीच्या दुप्पट महाग असू शकते आणि खुर्चीत बसणाऱ्या बाईला ते कळायला मार्ग नसतो. नशिबाने एखादीला त्या दिवशी जास्त मिळेल, एखादीचं सगळं जाईल. पण खेळाचा भाव ठरलेला आहे आणि तो मालकाला ठाऊक आहे.

त्यात पडद्यावर रुपये नसतात, क्रेडिट असतात. वीस ओळींवर एकेक क्रेडिट लावलं की २० जातात. एखादी ओळ जुळली आणि ८ परत आले की दिवे लागतात, गाणं वाजतं. खरं तर १२ गेलेले असतात! काउंटरवर एखाद्याने माझ्याकडून २० घेऊन ८ परत दिले असते, तर संध्याकाळी माझी कॅश जुळली नसती. इथे मात्र त्याला जिंकणं म्हणतात.

आमच्यातल्या एक वहिनी उठायला तयारच होईनात. ‘‘अगं, दोन सात आले होते, तिसरा जरासाच वर राहिला. आता येईलच.’’ त्यांच्या हुशारीला मी दोष देणार नाही, कारण मशीन तसंच भासावं म्हणून बनवलेलं असतं. बटण दाबताक्षणी आतला संगणक आकडा काढतो, निकाल तिथेच लागतो. चक्रं फिरतात ती फक्त तो दाखवायला. चक्र कुठे थांबेल हे आकड्यांवर सोपवण्याच्या पद्धतीचं पेटंट इंगे टेलनेस यांना अमेरिकेत १९८४ मध्ये मिळालं. चक्रावर सात ठळक दिसतो, पण त्याच्या वाट्याला आकडे थोडे देता येतात आणि त्याच्या लगतच्या रिकाम्या जागेला भरपूर. ‘जरासाच वर’ वारंवार दिसतं ते यामुळे. मागच्या डावाचा पुढच्या डावाशी काही संबंध नसतो.

महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ मध्ये झाला, तो कधीच लागू झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनांना वाट करून दिली, १९९६ च्या दुरुस्तीनंतर बोटींवरच्या कॅसिनोंनाही. म्हणून आम्ही तिकडे जातो. त्याच गोव्याने २०२० मध्ये स्वतःच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला मनाई केली. आपल्या घरच्या माणसांना यापासून जपावं असं त्या सरकारला वाटलं, ते मला पटतं. मग पाहुण्यांना निदान भाव तरी सांगावा. ब्रिटनमध्ये परताव्याचं सरासरी प्रमाण मशीनवर दाखवावं लागतं. अमेरिकेतल्या नेवाडात ७५ टक्क्यांहून कमी परताव्याचं मशीन लावताच येत नाही.

‘ज्याला कळत नाही त्याने जाऊ नये’ असं म्हणणारे भेटतात. त्यांचा मला राग येतो. पेट्रोल पंपावर मापाचा शिक्का आपण मागतो, तो मागायला इंजिनाचं ज्ञान लागत नाही. गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा जायचं, असं ज्याच्या मनात येतं, त्याची गोष्ट वेगळी. त्याने त्या दारात पाऊल टाकू नये आणि घरच्यांनी त्याला एकटं सोडू नये. पण वर्षाकाठी एखादी संध्याकाळ मजेत घालवायला येणाऱ्या बायकांना फसगत का सोसावी लागावी?

गोवा सरकारने प्रत्येक मशीनच्या पडद्याशेजारी पाटी लावायला सांगावी, मराठी, कोंकणी, हिंदी आणि कन्नडमध्ये. शंभरातले सरासरी किती परत येतात आणि नेहमीच्या वेगाने खेळलं तर तासाला किती रुपये जातात, एवढं तिच्यावर हवं. क्रेडिटच्या जागी रुपये दाखवावेत, आणि लावलेल्यापेक्षा कमी परत आलं तर गाणं वाजू नये.